विश्लेषण : झुंजार, काळापहाड आणि हजार रहस्यकथा… कोण होते बाबूराव अर्नाळकर?

मराठीत एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. कागदोपत्री त्याचे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पुस्तकांवर मात्र कायम एकच नाव छापले गेले, बाबूराव अर्नाळकर. जन्म ९ जून १९०६ चा. नव्वदी पूर्ण करून जुलै १९९६ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या कथांची संख्या गिनीज बुकात गेली, पण त्यांची सगळी पुस्तके एकत्र पाहायची म्हटली तर आज ते जवळपास अशक्य आहे.

या आडनावातले अर्नाळा पालघर जिल्ह्यातले. मासवण किंवा मनोरहून निघालात तर पालघर स्टेशन, तिथून लोकलने विरार आणि पुढे बस, इतकाच प्रवास. समुद्रात किल्ला, किनाऱ्यावर कोळीवाडा, सुट्टीच्या दिवशी रिसॉर्टला जाणाऱ्यांची गर्दी. अर्नाळकरांच्या उमेदीच्या काळात पालघर हा वेगळा जिल्हा नव्हता (तो झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी), अर्नाळा ठाणे जिल्ह्यात मोडत होते. पण ज्याने कधी हा समुद्र पाहिला नाही अशा वाचकाच्याही तोंडी हे गाव बसले, ते किल्ल्यामुळे नव्हे. झुंजार आणि काळापहाड या दोन नायकांच्या पुस्तकांवर ते छापलेले असायचे म्हणून.

हे नायक कोण होते, आले कुठून आणि मराठी वाचकाला ते आपले का वाटले?

गुप्तहेर आणि रहस्यमय नायक, फरक काय?

अर्नाळकरांची पात्रे अनेक. धनंजय आणि त्याच्या सोबतचा छोटू, गोलंदाज, दर्यासारंग, झुंजार, काळापहाड. वरवर पाहता सगळे एकाच कामाला लागलेले दिसतात, म्हणजे गुन्हेगाराला पकडणे. प्रत्यक्षात यात दोन वेगळ्या जातीच्या कथा आहेत.

धनंजय हा गुप्तहेर. खून झालेला असतो, खुनी माहीत नसतो, धागेदोरे जुळवत शेवटच्या पानापर्यंत जायचे. शेरलॉक होम्सच्या घराण्यातली ही कथा. यात पोलीस आणि गुप्तहेर एका बाजूला, गुन्हेगार दुसऱ्या बाजूला.

झुंजार किंवा काळापहाड यांचे तसे नाही. इथे सामना तिघांत असतो. गुन्हेगार नायकाच्या मागावर, पोलीसही नायकाच्या मागावर आणि नायक मात्र दोघांच्या पुढे. गुन्हेगाराला धडा शिकवायला तो कायद्याची परवानगी घेत बसत नाही. म्हणून कायद्याला तो स्वतःच संशयित वाटतो. वाचकाला हा माणूस सज्जन आहे हे ठाऊक असते आणि कथेतल्या पोलिसांना ते ठाऊक नसते. सगळी गंमत या फरकात आहे. खुनी कोण, यापेक्षा हा सापडणार तर नाही ना, या काळजीने पान उलटले जाते.

इंजिनाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रकारात इंधन कोडे आहे, दुसऱ्यात धास्ती. कोडे एकदा सुटले की संपते. धास्ती पुढच्या पुस्तकात पुन्हा भरता येते. मालिका चालवायला दुसरा प्रकार जास्त सोयीचा का, हे यावरून कळते.

जगात हा नायक कसा अवतरला?

मुखवट्यामागचा सज्जन ही काही एका देशाची मक्तेदारी नाही. फ्रान्समध्ये मॉरिस लब्लाँ यांचा आर्सेन ल्युपाँ १९०५ मध्ये आला. अमेरिकेत जॉन्स्टन मॅक्युली यांचा झोरो १९१९ मध्ये. इंग्लंडमध्ये ब्रूस ग्रॅम यांचा ब्लॅकशर्ट १९२५ मध्ये आणि लेस्ली चार्टरिस यांचा सेंट १९२८ मध्ये. हे सगळे स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या, रेल्वे स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या वाङ्मयातून वर आले. अमेरिकेत त्या कागदाच्या लगद्यावरूनच या साहित्याला पल्प असे नाव पडले.

यातला सर्वांत विलक्षण जन्म शॅडो या नायकाचा. ३१ जुलै १९३० रोजी अमेरिकन रेडिओवर डिटेक्टिव्ह कथांचा एक कार्यक्रम सुरू झाला. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशन संस्थेला त्यातून आपल्या मासिकाची जाहिरात करायची होती. कथा सांगणाऱ्या निवेदकाला शॅडो म्हणजे सावली असे नाव दिले होते. त्याला चेहरा नव्हता, गोष्ट नव्हती. होता फक्त आवाज.

श्रोते स्टॉलवर गेले आणि जाहिरात केलेले मासिक मागण्याऐवजी त्या सावलीचे मासिक मागू लागले. असे मासिकच अस्तित्वात नव्हते! प्रकाशकांनी घाईघाईने वॉल्टर गिब्सन या पत्रकाराला गाठले. गिब्सन जादूचे प्रयोग करणारे, जादूवर लिहिणारे. एप्रिल १९३१ मध्ये पहिला अंक आला, लेखकाचे नाव मॅक्सवेल ग्रँट. हे टोपणनाव संस्थेच्या मालकीचे होते. मुखपृष्ठासाठी नवे चित्र काढण्याचा खर्च वाचवायला गोदामातले जुने चित्र वापरले गेले. त्यावर एक चिनी माणूस होता, म्हणून गिब्सन यांनी कथेत चायनाटाऊन घातले. जगातल्या एका गाजलेल्या नायकाचे पदार्पण अशा काटकसरीत झाले.

पुढे हे मासिक महिन्यातून दोनदा निघू लागले. १९४९ मध्ये बंद पडेपर्यंत आलेल्या ३२५ कादंबऱ्यांपैकी २८२ एकट्या गिब्सन यांच्या. १९३९ मध्ये बॅटमॅन आला तेव्हा त्याची पहिलीच कथा शॅडोच्या एका कथेवर बेतलेली होती. लेखक बिल फिंगर यांनी हे पुढे मान्य केले. उसनवारीचा मुद्दा पुढे येणार आहे, तेव्हा ही नोंद लक्षात ठेवायला हवी.

मराठी वाचकाची पाटी कोरी होती का?

अजिबात नाही. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या कथा मराठीत आधीच गाजल्या होत्या. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या. द्वारकानाथ माधव पितळे म्हणजे नाथमाधव यांच्या वीरधवलने अद्भुताची चटक लावली होती. भुयारे, वेषांतर, खलिते, ऐनवेळी येणारी मदत हे सगळे मराठी वाचकाच्या ओळखीचे होते. फक्त ते किल्ल्यात आणि राजवाड्यात घडायचे. ते मोटारगाडी, टेलिफोन आणि पिस्तूल असलेल्या शहरात आणायचे बाकी होते.

अर्नाळकरांचे काम इथून सुरू होते आणि त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे नावे.

नावात काय आहे? बरेच काही

इंग्रजी नायकांची नावे पाहा. सावली, संत, काळा सदरा. मराठीत शब्दशः आणली असती तर हसू आले असते. काळा सदरा नावाच्या माणसाला कुठला गुंड घाबरणार?

अर्नाळकरांनी इतिहासाच्या पेटीत हात घातला. दर्यासारंग हे शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या अधिकाऱ्याचे नाव. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. काळापहाड हा सोळाव्या शतकात बंगालच्या कर्राणी सुलतानांचा सेनापती, ओडिशावरच्या स्वारीमुळे दहशतीचा विषय झालेला. ज्या नावाने लोक धास्तावत, तेच नाव गुन्हेगारांना धास्ती घालायला वापरले गेले. आणि ज्याला इतिहास ठाऊक नाही त्यालाही काळा आणि पहाड या दोन शब्दांतून रात्री समोर उभी राहिलेली आकृती दिसते.

झुंजारची गोष्ट तर आणखी मजेची. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरचे ऑथेल्लो मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा नाटकाला नाव दिले झुंजारराव. व्हेनिसचा सेनापती एका रात्रीत मराठी झाला. त्यानंतर काही दशकांनी परदेशी वळणाच्या आणखी एका नायकाला मराठी करण्याची वेळ आली, तेव्हा हाच शब्द पुन्हा उपयोगी पडला. अर्नाळकरांनी देवलांचे नाटक डोळ्यांसमोर ठेवले असेलच असे नाही. मात्र वाचकाच्या कानाला तो शब्द आधीपासून शूर माणसाचा होता, ही तयार जमीन त्यांना मिळाली.

लेखकाच्या नावातही हाच खेळ आहे. चव्हाण हे आडनाव घरोघरी सापडते. अर्नाळकर म्हटले की डोळ्यांपुढे खारा वारा आणि समुद्रातला तट येतो. आपल्या नायकांना दुसरी ओळख देणाऱ्या लेखकाने स्वतःलाही दुसरी ओळख दिली होती. रोजच्या जगण्यात चष्म्याचा व्यवसाय करणारा हा गृहस्थ पुस्तकाच्या पानावर मात्र मुंबईच्या अंधारात वावरत असे.

काळही अनुकूल होता

१९४० चे दशक ही या कथांच्या भरभराटीची सुरुवात. त्या दशकात मराठी माणसाच्या मनात पोलीस कोण होता, हे विसरून चालणार नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये चले जाव आंदोलनाच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघरचा हुतात्मा चौक त्यांच्याच स्मरणार्थ आहे. बंदूक चालवणारे हात सरकारी होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत, पोलिसांना चकवत हा आवाज नोव्हेंबरपर्यंत ऐकू येत राहिला. अमेरिकेत मासिक खपवण्यासाठी एका अदृश्य आवाजाची कल्पना लढवावी लागली होती. मुंबईत तसा आवाज खराच होता, आणि पकडले गेल्यास तुरुंग ठरलेला होता.

भूमिगत हा शब्द घराघरात आदराने घेतला जात होता. खोटे नाव, बदललेला वेष, रात्री मुक्काम हलवणे आणि तरीही सज्जन असणे, हे वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते. म्हणूनच पोलिसांना हुलकावणी देणारा नायक मराठी घरात परका वाटला नाही. रहस्यकथा म्हणजे वास्तवापासून पळ, असे सरसकट म्हटले जाते. या दशकापुरते तरी ते अर्धेच खरे मानावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर पोलीस आपले झाले. तरी नायकांची मागणी टिकली, कारण तोवर वाचनाची सवय लागली होती. रेल्वे स्टेशनवरचे बुकस्टॉल आणि गल्लीतली भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये यांनी ती पोसली. पुस्तक बारीक, किंमत कमी, वाचून झाले की शेजारी जाणार. विरारपर्यंत विजेवरची लोकल १९३६ पासून होती. त्यापुढे पालघर, बोईसर, डहाणूकडे लोकल यायला २०१३ उजाडले. या पट्ट्यातल्या प्रवाशाच्या हाताशी वाचायला वेळ भरपूर होता, हे वेगळे सांगायला नको.

हजार कथा म्हणजे नेमक्या किती?

आकडा ऐकून आपण पुढे जातो. थोडा हिशेब मांडू. हजार कथा चाळीस वर्षांत विभागल्या तर वर्षाला २५, म्हणजे साधारण पंधरा दिवसांना एक पूर्ण पुस्तक. एक पुस्तक शंभर पानांचे धरले तर रोज छापील सहा-सात पाने. गणपती, दिवाळी, आजारपण, घरातली लग्ने, काही न वगळता, चाळीस वर्षे. टायपिंग नाही, कॉपी-पेस्ट नाही. हा फक्त अंदाज आहे आणि पाने कमीजास्त असतील, पण वेगाची कल्पना यावी.

गिब्सन यांच्याशी तुलना केली तर त्यांच्या पाठीशी मोठी संस्था, ठरलेले मासिक आणि ठरलेला मोबदला होता. अर्नाळकरांचे वाचक एका छोट्या भाषेतले, प्रकाशक वेगवेगळे. आणखी एक फरक महत्त्वाचा. मॅक्सवेल ग्रँट हे नाव प्रकाशकाचे होते, त्यामागे कोणीही लिहू शकत होते. अर्नाळकर हे नाव एका माणसाचे होते. वाचक स्टॉलवर नवा अर्नाळकर मागायचे. शीर्षक दुय्यम होते.

एवढ्या वेगात सगळे सारखे उतरेल हे शक्य नाही. काही कथांत योगायोगांची खैरात आहे, काही ठिकाणी शेवट उरकलेला वाटतो. मात्र वाक्य लहान, संवाद भरपूर आणि प्रकरण अशा ठिकाणी तोडलेले की पुस्तक मिटवत नाही. आजच्या वेब सिरीज प्रत्येक भागाच्या अखेरीस जे करतात, ते इथे शाई-कागदावर होत होते.

मग आक्षेप कशाला?

मुख्य आक्षेप उसनवारीचा. अर्नाळकरांच्या अनेक कथांमागे एडगर वॉलेस यांच्यासारख्या इंग्रजी लेखकांचा आधार होता, हे उघड गुपित आहे. मूळ कथेचा उल्लेख नसणे ही त्या काळातली सर्रास रीत असली तरी आजच्या मोजपट्टीने ती खटकते, आणि खटकायलाच हवी. त्या मूळ लेखकांना मराठी आवृत्तीतून काही मिळाले असण्याची शक्यता कमीच.

पण सांगाडा उसना आणला म्हणून अंगावरचे मांसही उसने ठरत नाही. लंडनच्या धुक्यातली गोष्ट मुंबईत आणताना वस्ती बदलते, नात्यागोत्यांची हाक बदलते, कुणी कुणाला अहो म्हणायचे आणि कुणी अरे, हे नव्याने ठरवावे लागते. पल्पच्या जगात तर सगळेच एकमेकांचे ऋणी. बॅटमॅनला माफ करायचे आणि झुंजारला पकडायचे, हा न्याय एकतर्फी आहे.

दुसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण असतो. हे साहित्य नव्हे, असा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत अर्नाळकरांचे नाव नाही, साहित्य अकादमीच्या पुरस्कारांतही नाही. उशीखाली लपवून वाचायचे आणि चारचौघांत नाव घ्यायचे नाही, असा हा व्यवहार होता. गंभीर साहित्याचे अनेक वाचक आधी याच पुस्तकांवर वाचायला शिकले, याची नोंद साहित्याच्या इतिहासात फार थोड्या ओळींत आटोपली जाते. त्यांच्या मागून गोव्याचे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. वाट आधीच मळलेली होती.

पुस्तके गेली कुठे?

खरी अडचण आता आहे. हलक्या कागदावर छापलेले पुस्तक काही दशकांत पिवळे पडते, मग कडा तुटतात, मग पान उलटले की तुकडा हातात येतो. वाचनालयांनी ती जीर्ण म्हणून काढली, घरांनी रद्दीत दिली. कथांचा नेमका आकडा सांगताना जाणकारांतही एकमत नाही, ते यामुळेच. एकाच कथेच्या अनेक आवृत्त्या, वेगवेगळे प्रकाशक, आणि सगळ्यांची मिळून एक यादी नाही.

प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्यात असा कायदा १९५४ पासून आहे. पण स्वस्त पुस्तके काढणाऱ्यांकडून तो काटेकोरपणे पाळला जाण्याची अपेक्षा कुणालाच नव्हती. अलीकडे राजहंस प्रकाशनाने निवडक अर्नाळकर पुन्हा छापले, त्यामुळे नव्या वाचकाला निदान चव तरी घेता येते. हजारांतले मूठभर एवढाच त्याचा आवाका.

मग स्कॅन करून सगळे इंटरनेटवर टाकले तर? इथे कॉपीराइट आडवा येतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क कायम राहतात. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे ही मुदत ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत चालते. तोवर हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पूर्ण पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवणे बेकायदा आहे. १९५० मध्ये छापलेली प्रत तेव्हा १०६ वर्षांची झालेली असेल.

पुस्तकाची नोंद ठेवायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत किंवा गावच्या वाचनालयाच्या मागच्या कपाटात एखादी प्रत सापडली तर शीर्षक, प्रकाशक, छपाईचे साल, किंमत आणि नायक कोण एवढे टिपून ठेवले तरी यादी एका ओळीने पुढे सरकते. पहिली दोन पाने आधी पाहावीत. साल आणि आवृत्ती बहुतेक तिथेच असते, आणि पुस्तकाची फाटायला सुरुवातही तिथूनच होते.